रोज वाढणारा बर्फ

कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम विकणं सोपं असतं हो. विकून झाल्यावर जो फोन वाजायला लागतो ना, तो खरा धंदा. आमच्या भाऊजींना हे कधीच पटलं नाही, कारण फोन ते घ्यायचेच नाहीत. फोन मी घ्यायची.

भाऊजी म्हणजे माझा धाकटा दीर. सासरे तारापूरच्या वीजकेंद्रात नोकरीला, त्यामुळे हा मुलगा कॉलनीतच लहानाचा मोठा झाला, इंग्रजी शाळेत शिकला आणि पुढे कॉम्प्युटरचं वेड घेऊन बसला. नव्वद साल उलटून गेलं होतं. बोईसरमध्ये स्टेशनाजवळ एका मेडिकलच्या दुकानावर त्यांनी खोली घेतली, दारावर पाटी लावली आणि प्रोग्रॅम लिहायला बसले. मी सोलापूरची, लग्न होऊन इकडे आलेली. टायपिंग येत होतं आणि आवाज मोठा होता, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला धंद्यात घेतलं. आमच्याकडे स्वतःचा फोन नव्हता. फोन खाली मेडिकलवाल्याचा. तो लोखंडी गजावर चावी आपटायचा आणि ओरडायचा, "वहिनी, गिऱ्हाईक रडतंय!"

आणि खरंच रडायचे. एका दवाखान्यातल्या कंपाउंडरने एकदा सकाळीच फोन केला. म्हणाला, "मॅडम, मशीन मला नापास म्हणतंय." मी म्हटलं, असं कसं म्हणेल? तर पडद्यावर लिहून आलं होतं, 'अबॉर्ट, रिट्राय, फेल'. बिचारा दहावीत गटांगळ्या खाल्लेला माणूस, त्याला वाटलं मशीनला सगळं कळलं. फ्लॉपी उलटी घातली होती, दुसरं काही नाही. मी त्याला ती काढायला लावली, सुलटी घालायला लावली आणि वर सांगितलं, "पास झालात हो, पेढे द्या." त्याने दिलेसुद्धा.

भाऊजी अशा गोष्टींना हसायचे आणि परत पडद्यात डोकं घालायचे. त्यांचं एकच पालुपद असायचं, "वहिनी, कॉम्प्युटर चुकत नाही. माणूस चुकतो." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरायचं. चुकणारा माणूस पैसे देऊन गेलेला असतो, आणि तो चुकला की चावी गजावर आपटते, माझ्या कानाशी.

त्यातच आम्हाला बर्फाचा कारखाना मिळाला. बोईसरहून दांडी या कोळीगावाकडे जाताना वाटेत होता. किनाऱ्यावरच्या बोटी बर्फाच्या लाद्या तिथूनच न्यायच्या. कारखान्याच्या शेठला मुंबईत कोणीतरी सांगितलं होतं की आता कॉम्प्युटर ठेवला नाही तर माणूस मागे पडतो. त्यांना मागे पडायचं नव्हतं. खोलीत किती लाद्या आहेत, कोणत्या नाखव्याने किती नेल्या, कोणाची मागणी पुढची आहे, एवढंच त्यांना बसल्या जागी कळायला हवं होतं. भाऊजींनी प्रोग्रॅम लिहिला. गावातलं माणूस चालवणार म्हणून पडद्यावरचे शब्द मराठी ठेवले, फक्त अक्षरं इंग्रजी. 'जे' दाबलं की 'जमा', म्हणजे नवीन बर्फ खोलीत आला. डी म्हणजे 'द्या'. व्ही म्हणजे 'वाढवा', मोजताना लाद्या जास्त सापडल्या तर आकडा वर न्यायला. एस म्हणजे 'संपवा', काम झालं की दाबायचं. मराठी शब्द घातल्याचा त्यांना केवढा अभिमान! जो भेटेल त्याला सांगत सुटले होते.

ते चालवायला शेठने दांडीची एक बाई ठेवली. सगळे तिला बाय म्हणायचे. मॅट्रिक झालेली, नवरा बोटीवर खलाशी. लग्न झाल्यापासून ती मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजारात बसत होती. मॅट्रिकचं सर्टिफिकेट पेटीच्या तळाशी ठेवलेलं, ते या कारखान्यामुळे पहिल्यांदा बाहेर निघालं. तिला खुर्ची मिळाली, टेबल मिळालं, डोक्यावर पंखा मिळाला. पहिल्या दिवशी ती लग्नातली साडी नेसून आली होती. मी विचारलं, "काय गं बाय, कोणाचं लग्न?" तर म्हणाली, "खुर्चीचं हाय ताई." मला ती तेव्हाच आवडून गेली.

भाऊजींनी तिला एका दुपारी सगळं शिकवलं. ती मान हलवत राहिली. बाई हुशार होती, दोन-चार दिवसांत न बघता बोटं चालवायला लागली. पावसाळ्याचे दिवस होते, बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, बर्फाची मागणी थोडी. हॉटेलवाले, सरबतवाले, एखादं साखरपुड्याचं घर, एवढंच गिऱ्हाईक. हात बसवायला हे दिवस बरे, असं आम्हाला वाटलं.

नारळी पौर्णिमा जवळ आली तशी शेठने एक दिवस बर्फाची खोली स्वतः उघडून बघितली, आणि मग आमच्या मेडिकलवाल्याच्या फोनचा जो काही दणका उडाला! कॉम्प्युटर म्हणत होता खोली गच्च भरलेली आहे. खोली तर अर्धी रिकामी.

"वितळला म्हणू का मॅडम?" शेठ ओरडत होते. "मी त्या आकड्यावर नाखव्यांना शब्द देऊन बसलोय! पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या बोटी लाईनीत उभ्या राहणार, त्यांना काय माझं डोकं फोडून देऊ?"

आम्ही स्कूटरवर धावत गेलो. भाऊजींनी प्रोग्रॅम उलटासुलटा तपासला, आणि शेवटी हात झटकून तेच म्हणाले, "शेठ, कॉम्प्युटर चुकत नाही."

शेठने बायकडे बघितलं. सगळे हमाल दारात उभे होते, दोन नाखवेही मागणी सांगायला आलेले. त्या सगळ्यांच्या समोर शेठ म्हणाले, "कॉम्प्युटर चुकत नाही, मग बर्फाला काय पाय फुटले? दांडीला तुझ्या सगळ्या घराण्याच्या बोटी आहेत. मागच्या दाराने जातोय तो. पौर्णिमेपर्यंत हिशोब लागला नाही तर तू घरी बस."

बायचं तोंड उतरलं. मला मात्र भाऊजींची मान धरून गदागदा हलवावीशी वाटली. परत येताना स्कूटरवर मागे बसून मी सगळा रस्ता भांडले. "तुमचं एक वाक्य, आणि ती बाई चोर ठरली!"

"मी कुठे चोर म्हटलं?"

"मग काय म्हटलंत? बर्फ नाही, कॉम्प्युटर बरोबर, मग राहिलं कोण?"

दुसऱ्या दिवसापासून मी त्या कारखान्यात जाऊन बसायला लागले. सकाळच्या एसटीने जायची, दिवस मावळायच्या आत परत. बायच्या शेजारी स्टूल टाकून प्रत्येक लादी बघायची. लादी आली, तिने 'जे' दाबलं. लादी गेली, तिने डी दाबलं. कुठे म्हणून चूक नाही. वीजकेंद्र शेजारी असून आमच्याकडे वीज जायचीच, ती गेली तरी आधीचा आकडा ती पाटीवर खडूने लिहून ठेवायची. आणि तरीही रोज सकाळी गेलं की फरक आदल्या दिवसापेक्षा मोठा. हमाल आपसात कुजबुजायचे. बायला कोणी चहा विचारेना. ती माझ्याशी बोलायची, पण नजर वर न करता.

मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. एका संध्याकाळी निघताना मी पडद्यावरचा आकडा तळहातावर पेनने लिहून घेतला. सकाळी जाऊन बघते तर कॉम्प्युटरातला आकडा वर गेलेला! खोलीतल्या लाद्या जेवढ्या असायला हव्यात तेवढ्याच. मी तिथेच टाळी वाजवली. अहो, चोर बर्फ कमी करेल, आकडा कशाला वाढवेल? म्हणजे बर्फ कुठे गेलेलाच नव्हता. जो बर्फ कधी नव्हताच, तो कॉम्प्युटर रोज नव्याने पैदा करत होता.

भाऊजींना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. "व्हायरस!" म्हणाले. त्या दिवसांत व्हायरस हा शब्द नवाच होता, आणि कशालाही लावायचे. एक फ्लॉपी घेऊन ते तीन तास मशीनची नाडी बघत बसले. व्हायरस निघाला नाही. निघाला नाही याचंच त्यांना वाईट वाटलं.

मी ठरवलं, आता एसटी गेली खड्ड्यात. आज कारखाना बंद होईपर्यंत बसायचं.

दिवेलागण झाली. हमाल घरी गेले. बायने टेबलावरच्या देवीच्या तसबिरीला उदबत्ती लावली, हात जोडले, पदर सारखा केला. "चला ताई, वाढवते आता," असं मला म्हणाली आणि व्ही दाबलं. पडद्यावर आलं, 'किती?' तिने दिवसभरात दिलेल्या लाद्यांचा आकडा टाकला, एंटर मारलं आणि मशीनचं बटण बंद केलं.

"अगं बाय!" मी अशी किंचाळले की बाहेरचा वॉचमन काठी घेऊन आत आला. "काय केलंस तू हे?"

ती घाबरली. "काय केलं? वाढवलं."

"काय वाढवलं?"

"काम वाढवलं. दुकान वाढवतात ना ताई, तसं. मग मशीन विचारते किती, तर मी सांगते, आज एवढ्या दिल्या."

दिवसभर दिलेल्या लाद्या ती संध्याकाळी कॉम्प्युटरला परत देत होती! रोज, नेमाने, देवीला उदबत्ती लावून!

"आणि एस? काम झालं की एस दाब, असं भाऊजींनी सांगितलं नव्हतं?"

तिने खाली बघितलं. "सांगितलं होतं. पण तिथे संपवा लिवलंय, ताई. दिव्याच्या येळेला संपवा कसं म्हणायचं? आमची माणसं पाण्यावर जातात. घरातलं मीठ सरलं तरी आमी वाढलं म्हणतो. आणि इथे बसून रोज मी संपवा संपवा करू? त्याच्याखाली वाढवा होतंच. मला वाटलं, तुमी माझ्यासारखीसाठीच ठेवलं."

मला हसू फुटलं ते आवरेना. मी स्टुलावरून खाली बसले. अहो, मी स्वतः काय वेगळं बोलते? बांगडी फुटली की वाढवली, कुंकू सरलं की वाढलं, देवापुढचा नारळसुद्धा आपण वाढवतो. आमच्या गल्लीतला वाणी रात्री फळ्या लावताना दुकान वाढवतो. सगळा महाराष्ट्र रोज संध्याकाळी वाढवतो, आणि आमच्या भाऊजींनी त्याचा अर्थ अधिक असा लावून ठेवलेला! डोळ्यांतून पाणी येईस्तोवर मी हसले.

बाय हसली नाही. "हसता काय ताई," ती म्हणाली. "माझ्या नावावर चोरी हाय."

हसू जागच्या जागी थिजलं. मी उठले, तिचा हात धरला आणि तिला तशीच शेठच्या खोलीत घेऊन गेले.

शेठ निघायच्या तयारीत होते. मी विचारलं, "शेठ, संध्याकाळी तुम्ही वॉचमनला काय सांगता?"

"काय सांगणार? वाढवा आता, म्हणतो."

"तेच हिने कॉम्प्युटरला सांगितलं." आणि मग मी सगळं समजावलं. शेठने आधी डोळे बारीक केले, मग मोठे केले, मग खडूच्या पाटीवर आकडे मांडून बघितले. फरक लागला. लादीन लादी लागली. शेठ थोडे हसले, थोडे खोकले, आणि म्हणाले, "बरं बरं, झालं ते झालं. बाय, उद्या वेळेवर ये."

झालं ते झालं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी तोंड उघडायच्या आत बायने आपली पिशवी काखेला मारली आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

इकडे भाऊजींनी मला शांतपणे ऐकवलं, "म्हणजे प्रोग्रॅम बरोबरच होता. वापरणाऱ्याची चूक." हे ते जेवताना बोलले, आणि ताटावर सासूबाई वाढत होत्या. मी म्हटलं, "विचारा तुमच्या आईला. दिवेलागणीला त्यांना जरा संपवा म्हणायला सांगा." सासूबाईंनी पळी तशीच हातात धरली. "शिव शिव," म्हणाल्या, "भरल्या घरात असं बोलू नये रे. कोणी शिकवलं तुला हे?"

भाऊजी जेवले आणि मुकाट्याने उठून प्रोग्रॅम बदलायला बसले. व्ही दाबलं की आता आकडा विचारायचा नाही, नुसतं काम वाढवायचं. आकडा वर न्यायला 'भरा' असा वेगळा शब्द घातला. संपवा काढूनच टाकलं. आणि हो-नाहीसाठी वाय-एनच्या जागी एच-एन केलं, हाय आणि नाय. ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, स्वतःहून केलं. त्या रात्री मी त्यांना मनापासून चांगलं म्हटलं, फक्त तोंडावर नाही म्हटलं.

नवी फ्लॉपी कारखान्यात पोचली, पण चालवायला माणूस कुठे होतं? शेठ स्वतः एका बोटाने एकेक अक्षर शोधत बसले होते. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी फोन आला. "मॅडम, तुमची सर्व्हिस कसली ही? प्रोग्रॅम दुरुस्त केलात, आता माणूस पण आणून द्या."

"माणूस तुम्ही बिघडवलंय, शेठ," मी म्हटलं. पण गेले. भाऊजींना स्कूटर काढायला लावली आणि दांडी गाठली.

किनाऱ्यावर बोटींना रंग लावणं चाललं होतं. बाय दारात बसून नारळ खवत होती. आम्हाला बघून तिने पाणी दिलं, खोबऱ्याची चिमूट हातावर ठेवली, पण खुर्चीचं नाव काढलं नाही.

"बाय, नोकरी पाहिजे की नको तुला?" मी सरळच विचारलं.

"पाहिजे. लय पाहिजे." तिने खवणं थांबवलं नाही. "ती खुर्ची मला आवडते, ताई. बटणं आवडतात. पण बाजारात मी पाटी घेऊन बसते तवा मला कोणी चोर नाय बोलत. शेठ चारचौघांत बोलला, आता चारचौघांतच परत घेऊ दे. तुमच्याकडे निरोप देऊन नाय चालायचं."

मी निरोप द्यायला गेले तर शेठ उसळले. "मी? हमालांसमोर?" मी म्हटलं, "त्यांच्यासमोरच बोलला होतात ना? की तेव्हा ते हमाल नव्हते?" आणि पाठ फिरवली. रात्रभर मला धाकधूक होती. बाय हट्टाची आणि शेठ अहंकाराचे, मध्ये बायची खुर्ची. ती गेली असती तर मी तो धंदा सोडून दिला असता, खरं सांगते.

पौर्णिमा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यासमोर टेम्पो, हातगाड्या, नाखवे, नुसता कल्लोळ. बाय आली. साधीच साडी. ऑफिसच्या दाराशी उभी राहिली, आत पाऊल टाकेना.

"ये ना बाय, बस," शेठ म्हणाले. ती जागची हलली नाही. शेठने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

शेठ पुढे आले आणि शर्टाच्या खिशाशी काहीतरी पुटपुटले.

"शेठ, आयकू नाय आलं," मागून एक म्हातारा नाखवा म्हणाला. तो त्या दिवशी तिथे होता, त्या दोघांतला.

शेठचे कान लाल झाले. मग त्यांनी आवाज चढवला, आणि चढवला तो पार रस्त्यापर्यंत. "बायने एक लादीसुद्धा नेलेली नाय! मी चोर म्हटलं, ते माझं चुकलं! चुकलं माझं! झालं?" आणि खालच्या आवाजात पुढे म्हणाले, "कॉम्प्युटरचं पण चुकलं."

भाऊजींनी तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

तेवढ्यात एक हमाल, वातावरण हलकं करावं म्हणून असेल, हसत म्हणाला, "हमको तो पहले से मालूम था, बाय चोर नहीं है."

बाय त्याच्याकडे वळली. "मालूम था, तो उस दिन बोला क्यों नहीं?"

त्याचं हसू गेलं. त्याने मान खाली घातली, आणि त्याच्या मागच्यांनीही. मी तिथेच रडायला लागले, भर नाखव्यांत, कोणाची पर्वा न करता.

बायने पदराने खुर्ची पुसली आणि बसली. पहिल्या नाखव्याला तिने "किती लाद्या?" असं विचारलं तेव्हा तिचा आवाज कापत होता. तिसऱ्याला ती दरडावत होती, एकदाच काय तो आकडा सांगा, मागे लाईन हाय.